प्रत्यक्ष टक्का

सोनखेडच्या ख्रिस्तमंदिरात पाळकसाहेबांची साक्ष लहान पोरांनासुद्धा तोंडपाठ होती. डिसेंबरात कापणीचा सण यायचा, लोक शेतातलं, परसातलं काहीबाही वेदीपुढे आणून ठेवायचे, आणि त्याचा लिलाव सुरू होण्याआधी रेव्हरंड शलमोन आढाव चष्मा काढून खिशात घालायचे. चष्मा खिशात गेला की बायका पदर सावरून बसत. आता सरिताबाईंचं येणार.

सरिताबाई ही त्यांची बायको. वीसएक वर्षांपूर्वी, याच सणाच्या आदल्या दिवशी, बाजार करून परतताना तिठ्यावर एका टेम्पोने तिला उडवलं. टेम्पो चालवत होता गोरख दहातोंडे, मिसरूडही धड न फुटलेलं पोरगं. लोकांनी त्याला खाली ओढून बडवायला घेतलं. पाळकसाहेब धावत पोचले तेव्हा सरिताबाई शुद्धीवर होती.

"आणि बंधुभगिनींनो," इथे पाळकसाहेबांचा आवाज दर वर्षी त्याच जागी कापायचा, "तिने माझा हात धरला, वर पाहिलं आणि म्हणाली, बापा, त्यांना क्षमा कर. प्रभूने वधस्तंभावरून उच्चारलेले शब्द माझ्या सरिताच्या ओठांवर शेवटचे होते."

मग आमेन. कुठेतरी हुंदका. आणि लिलाव.

त्या एका वाक्यावर बरंच काही उभं होतं. त्या वाक्यापायी पाळकसाहेबांनी कोर्टात गोरखच्या बाजूने शब्द टाकला. तो थोडक्यात सुटला, पुढे त्याच तिठ्यावर त्याने ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज टाकलं. बाप्तिस्मा काही त्याने घेतला नाही, पण कापणीच्या सणाला ज्वारीचं एक पोतं घेऊन यायचा आणि दाराजवळच्या शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसायचा. सरिताबाईचा भाऊ, विल्सनमामा, त्याला कापून काढायची भाषा करत होता, तोही त्या वाक्यापुढे गप्प बसला. बहिणीनेच माफ केलं म्हटल्यावर भाऊ काय करणार?

आणि दहा वर्षांची तबीथा. आईला पुरून महिना झाला नव्हता तेव्हा पाळकसाहेबांनी गोरखला मंदिरात बोलावलं आणि तिला हाताला धरून शेवटच्या बाकापाशी नेलं. "काकांना सलाम कर, बेटा." तिने केला. आत काय वाटलं ते तिला कुणी विचारलं नाही. पाळकाच्या मुलीला असलं काही विचारायची पद्धत नसते.

हीच तबीथा आढाव पुढे पुण्याला जाऊन थरवाचक नावाचं यंत्र बनवणाऱ्या चमूत शिरली. आता यात योगायोग किती आणि आतला जाळ किती, हे तिचं तिलाच ठाऊक.

*

थरवाचकाचं नाव तोवर घराघरात पोचलं होतं. कल्पना तशी साधी. ज्याने एखादी गोष्ट डोळ्यांनी पाहिली, त्याच्या सांगण्यात बिनकामाचा कचरा फार असतो. दाराला कुठला रंग होता, कोण मध्येच शिंकलं, असलं काहीतरी, ज्याचा गोष्टीला काडीचा उपयोग नाही. ज्याने ऐकून सांगितलं, त्याच्या सांगण्यात कचरा कमी आणि तात्पर्य जास्त. आणि ज्या गोष्टीत सांगणाऱ्याची स्वतःचीच लाज निघते, ती सहसा कुणी रचत नाही.

शिवाय आठवण म्हणजे काही कपाटात ठेवलेला फोटो नव्हे. दर वेळी आठवताना मेंदू ती नव्याने घडवतो आणि नवीच जपून ठेवतो. शंभरदा सांगितलेली गोष्ट गुळगुळीत होते, टोकं झिजतात, ऐकणाऱ्यांना आवडलेला भाग फुगतो. अपघातांतून, पुरांतून वाचलेल्या हजारो माणसांचे जबाब वर्षावर्षाच्या अंतराने घेऊन यंत्राला ही झीज ओळखायला शिकवलं होतं. आवाज द्या नाहीतर मजकूर द्या, ते एकेका वाक्याचे थर सुटे करायचं आणि आकडा सांगायचं: हे पाहणाऱ्याकडून आलं असण्याची शक्यता किती. लोक त्याला प्रत्यक्ष टक्का म्हणू लागले. कोर्टात टक्का, विमा कंपनीत टक्का, लग्नाच्या बैठकीतही मुलाच्या बापाला लोक हसत हसत विचारायचे, "टक्का काढू का?"

आणि मग कुणाला तरी सुचायचं ते सुचलंच. बायबलमधली येशूची चरित्रं, म्हणजे शुभवर्तमानं, यंत्रात घाला!

काम परदेशातून आलं, चमूत तबीथाच्या वाट्याला आलं. बायबल घोकत वाढलेली तिच्याएवढी दुसरी कोण होती तिथे? जुन्यात जुन्या नकला, पपायरसचे तुकडे, एका नकलाकाराची चूक पुढच्याने कशी उचलली त्याच्या वंशावळी, सगळं यंत्राला भरवलं. वर्षभराने निकाल लागला, आणि तो कुणालाच मानवणारा नव्हता. सगळं रचलेलं आहे म्हणणाऱ्यांचीही पंचाईत, अक्षर न् अक्षर खरं म्हणणाऱ्यांचीही. बागेत प्रभूला धरलं तेव्हा अंगावरचं वस्त्र टाकून उघडाच पळालेला तो तरुण, ज्याचं पुढे काहीच होत नाही, त्याचा टक्का भलताच वर गेला. क्रूस उचलणाऱ्या शिमोनाच्या दोन मुलांची नावं, तीही वर. कुठे एक थर, कुठे चार. पण लूकच्या शुभवर्तमानातलं, तेविसाव्या अध्यायातलं क्षमेचं ते वाक्य पार तळाला गेलं. काही फार जुन्या नकलांमध्ये ते मुळात नाहीच, हे अभ्यासकांना कधीचं ठाऊक होतं. आता त्यावर आकडा चिकटला, आणि आकडा म्हटलं की वाहिन्यांना चेव येतो.

"येशू क्षमा म्हणालाच नव्हता!" आठवडाभर हेच. पडद्यावर खाली चमूची नावं. तिसरं नाव, डॉ. तबीथा शलमोन आढाव.

सोनखेडहून फोन आला तो विल्सनमामाचा. "तबे, काय करून ठेवलंस गं हे? इथे लोक मला विचारायला लागलेत."

*

ती घरी गेली तेव्हा पाळकसाहेब ओट्यावर बसून लसूण सोलत होते. बायको गेल्यापासून स्वयंपाक त्यांनीच केला होता, तिला वाढवलंही त्यांनीच. रागावलेले मुळीच दिसले नाहीत. उलट जरा मजेतच होते.

"या, डॉक्टरीणबाई. प्रभूची उलटतपासणी झाली?"

"पप्पा, आम्ही एवढंच म्हटलंय की ते वाक्य मागून आलं असण्याची शक्यता जास्त. न म्हटल्याचा पुरावा नाही तो."

"अगं, पण कुणी काढून टाकलं असेल तर? मारणाऱ्यांना माफ केलेलं सगळ्यांनाच रुचतं असं थोडंच आहे? बसला असेल एखादा नकलाकार, तुझ्या मामासारखा, दिलं असेल गाळून."

हे खरंच होतं. काही अभ्यासकांचं म्हणणं नेमकं हेच होतं, आणि अहवालाच्या तळटीपेत ते तिने लिहिलंही होतं. पण तळटीप वाचतो कोण?

"ते जाऊ दे," पाळकसाहेब हात धुवून उठले. "दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांना तू काय विचारणार? मी जिवंत आहे ना? मी पाहिलंय, मी ऐकलंय. या रविवारी मंडळीसमोर लाव तुझं यंत्र माझ्या साक्षीला. होऊन जाऊ दे."

"नको, पप्पा."

"का? बापाच्या तोंडावर विश्वास नाही?"

हट्टाला पेटलेल्या माणसाला कोण आवरणार? वीस वर्षं ज्याच्या शब्दाला सगळी मंडळी आमेन म्हणत आली, त्याला आपल्याच शब्दाची कसली भीती? त्यांनी त्याच दिवशी सगळ्यांना निरोप धाडले. तबीथाने ठाम नकार द्यायला हवा होता. दहादा सांगितलेली गोष्ट यंत्रापुढे कशी दिसते हे तिला पक्कं माहीत होतं. पण तिने पुन्हा नाही म्हटलं नाही. शेवटच्या बाकापाशी उभ्या केलेल्या त्या दहा वर्षांच्या पोरीला उत्तर हवं होतं, खरं कारण हेच.

रविवारी मंदिर भरलं. गोरखलाही बोलावणं होतं, तो दाराजवळ बसला. पाळकसाहेबांनी चष्मा खिशात घातला, साक्ष सांगितली. मंडळीच्या जुन्या चित्रफिती तबीथाने आधीच यंत्राला दिल्या होत्या. "पडद्यावर दाखव, सगळ्यांना दिसू दे," विल्सनमामा पुढच्या बाकावरून म्हणाला. गीतांचे शब्द दाखवायच्या पडद्यावर एकेक वाक्य उमटत गेलं. तिठा, टेम्पो, गर्दी, सगळ्यांपुढे भरपूर टक्के. लोक माना डोलवू लागले. मग शेवटचं वाक्य आलं.

सहा टक्के.

पाळकसाहेबांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि पडद्याकडे पाहिलं.

"पप्पा, याचा अर्थ खोटं असा होत नाही," तबीथा घाईने बोलू लागली. "दर वर्षी तेच ते सांगून..."

"म्हणजे ताई तसं म्हणालीच नाही?" विल्सनमामा उभा राहिला. "दाजी, माझ्याकडे बघा. म्हणाली का नाही?"

पाळकसाहेब कपाळावर हात ठेवून आठवू लागले. शेवटी म्हणाले, "मी सांगतो तेवढंच आठवतंय रे मला. त्याच्या पाठीमागे जायला गेलो की तिथे मीच उभा दिसतो, इथे वेदीवर."

तबीथाला त्या क्षणी आपल्या यंत्राचा, आपल्या शिक्षणाचा आणि स्वतःचा विलक्षण संताप आला. दाराजवळचा गोरख कधी उठून गेला, कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

*

पुढे जे व्हायचं ते झालं. विल्सनमामाच्या पोटातला वीस वर्षांचा दाबलेला राग आता कुणाच्या बापाला ऐकणार होता? "क्षमा नव्हतीच, तर हा माणूस आमच्या उरावर का बसलाय?" एके सकाळी गॅरेजच्या शटरवर डांबर फासलेलं निघालं. कुणी फासलं ते गावाला ठाऊक होतं, आणि गाव गप्प होतं. ट्रॅक्टर दुरुस्तीला तालुक्याला जाऊ लागले. सरिताबाईला मारणारा म्हणून ज्याच्याकडे वीस वर्षांत कुणी बोट दाखवलं नव्हतं, त्याच्या पोरीला शाळेच्या बसमध्ये कुणी शेजारी बसू देईना.

पाळकसाहेबांनी उपदेश करणं सोडलं. मंडळीने काढलं नाही, त्यांनीच किल्ल्या नेऊन दिल्या. जेवताना प्रार्थना बंद झाली. "जे तोंड वीस वर्षं खोटं बोललं त्याने कशाला आभार मानायचे?" म्हणायचे आणि मुकाट्याने भाकरी मोडायचे. तबीथाने रजा काढली, समजावून पाहिलं, मेंदूची, आठवणींची पुस्तकं वाचून दाखवली. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "सहा टक्के, बेटा. शंभरातले सहा."

शेवटी ती तिठ्यावर गेली. त्या दिवशीची गर्दी बाजाराला आलेल्या परगावच्या लोकांची, ती कधीच पांगली होती; उरली तिघं. एक मेली, एकाची आठवण झिजली. तिसऱ्याला आजवर कुणीच काही विचारलं नव्हतं. तिनेसुद्धा नाही, आणि म्हणे थरवाचक बनवते!

गोरख गॅरेज आवरत होता. दारात आपोआप चालणारा, बिनड्रायव्हरचा भाड्याचा टेम्पो उभा, त्यात तो पाने, जॅक, हवेचा पंप चढवत होता. तिला बघून थांबला नाही.

"चाललोय. सासुरवाडीला. तुमच्या मामाला सांगा, खूश होईल."

"गोरखकाका, आई काय म्हणाली होती?"

"आता आठवण झाली व्हय माझी?" त्याने पाना दाणकन टेम्पोत टाकला. "वीस वर्सं पाळकसाहेब सांगायचे न् मी ऐकायचो. मारणाऱ्याची साक्ष कोण घेतंय?"

"मी घेते."

तो खाली बसला. हाताचं ग्रीस पुसत, तिच्याकडे न बघता बोलू लागला.

"तिच्या पिशवीत मटार व्हते. फुटली पिशवी, सगळ्या रस्त्यावर शेंगा. एक चप्पल पार तिकडं, रसवंतीपाशी. मला चौघा-पाचांनी खाली पाडलं व्हतं. लाथा बसत व्हत्या, न् मी... पँटीतच झाली मला. समदे हसाया लागले, मारता मारता हसत व्हते. तवा तुमची आई वरडली. पडल्या पडल्या. चांगली कावली व्हती. 'अहो, नका मारू त्या पोराला, मुतलंय बघा ते भीतीनं! लाज वाटते का कुणाला? आणि माझे मटार उचला कुणीतरी.' मग साहेब पोचले. त्यांच्यासमोर बी म्हनली, 'मारू देऊ नका हो त्याला.' मग काय नाय बोलली."

तबीथाला रडू फुटलं. वीस वर्षांत पहिल्यांदा तिला आईचा आवाज ऐकू आला होता. क्षमेच्या त्या वाक्यात आई कधी नव्हतीच. आई ही होती, मरता मरता लोकांवर खेकसणारी आणि मटारांची काळजी करणारी. पप्पांनी ऐकलं होतं, नक्की ऐकलं होतं. पण वेदीवर उभं राहून मुतलंय कसं म्हणायचं? साक्ष म्हटली की ती शास्त्राच्या भाषेतच द्यायची, या मंडळीत सगळे तशीच देतात. त्यांनी आईचं बोलणं धुऊन, इस्त्री करून उभं केलं, आणि पुढे मूळ कपडा कसा होता तेच विसरून गेले.

"काका, तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? मी पँटीत मुतलो? भर मंडळीत? आन् क्षमा हा शब्द लई मोठा व्हता. माझ्यासाठी कुणी एवढं म्हनलं असंल, असं वर्सातून एकदा वाटायचं. ते ऐकायलाच येत व्हतो मी."

"एकदा यंत्रासमोर सांगा, काका. तुमच्या पाया पडते. पप्पा उठून बसतील."

गोरख उठला. "माझ्या लाजंचा बी आकडा काढनार तुम्ही? नाय. आन् मंडळीत तर अजाबात सांगायचं नाय. तुमच्या बापाला सांगा, त्याला हक्क हाय. शपथ घ्या आईची."

तिने घेतली.

*

पाळकसाहेब खाटेवर पडून होते. तिने शेजारी बसून सगळं सांगितलं, गोरखच्याच शब्दांत, मटारांसकट. सांगताना ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. चपलेपाशी त्यांची भुवई जराशी हलली. मटारांपाशी ओठ थरथरले. आठवलं, आठवलं त्यांना, असं तिला वाटलं.

"यंत्र काय म्हणतं?" त्यांनी विचारलं.

"पप्पा?"

"गोरखचं बोलणं यंत्राला दिलंस ना? टक्का किती?"

"नाही दिलं. तो तयार नाही. पण पप्पा, मी सांगते ना, हे खरंच आहे. यात त्याची लाज आहे, यात मटार आहेत..."

"तू सांगतेस. मीही सांगतच होतो." त्यांनी कूस बदलली. "कागद आण, मग बघू."

न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांना धन्य म्हणत ज्याची हयात गेली, तो माणूस आता कागद मागत होता. आणि हे त्यांना शिकवलं होतं तिनेच.

त्यांनी जेवण टाकलं. दोन घोट चहावर दिवस काढू लागले. कापणीचा सण पुन्हा तोंडावर आला होता. एका दुपारी तबीथाने संगणक उघडला. दुसऱ्याच्या मजकुरात कुणीतरी मागून घुसवलेली ओळ शोधून काढण्यात जिचं सगळं शिक्षण गेलं, तिने संस्थेच्या चिन्हाखाली स्वतःच्या हाताने चार ओळी घुसवल्या. पहिल्या चाचणीत ध्वनिमुद्रणाचा दोष होता, फेरतपासणी केली, 'बापा, त्यांना क्षमा कर', प्रत्यक्ष टक्का एक्क्याण्णव. खाली सही. आईचे खरे शब्द लिहिता येत नव्हते, शपथ होती. म्हणून खोटे लिहिले. ही ओळ लूकमध्ये कुणी घातली असेल तर त्याच्याही घरात कुणीतरी जेवायचं थांबलं असेल का, असं तिच्या मनात आलं आणि तिने छपाईचं बटण दाबलं.

पाळकसाहेबांनी कागद दोनदा वाचला, मग उजेडात धरून सहीसुद्धा पाहिली. "एक्क्याण्णव," ते म्हणाले. त्या दिवशी ते जेवले.

सणाच्या रविवारी मंडळीने त्यांना पुन्हा वेदीवर बोलावलं. या वेळी त्यांनी चष्मा काढला नाही. चष्म्याशिवाय कागद दिसला नसता. आवाजही कुठे कापला नाही. "फेरतपासणीनुसार," त्यांनी वाचलं, "माझ्या पत्नीच्या शेवटच्या वाक्याचा प्रत्यक्ष टक्का एक्क्याण्णव आहे."

"आमेन!" मंडळी म्हणाली. गेल्या वीस वर्षांत एवढ्या जोराने म्हणाली नसेल.

विल्सनमामा डोळे पुसत तबीथापाशी आला. "ताई तशीच होती गं. माझंच चुकलं. गोरखला बोलावून घेऊ, पाय धरतो मी त्याचे. कुठे असतो आता तो?"

"ठाऊक नाही, मामा." नंबर बंद होता, सासुरवाडीचं गाव तिने विचारलंच नव्हतं. दाराजवळचा बाक रिकामा होता. लिलावाला बाजरी होती, भोपळे होते, कोंबडा होता. ज्वारीचं पोतं नव्हतं.

दुपारी पाळकसाहेब स्वतः स्वयंपाकाला लागले. पानं मांडली आणि कित्येक महिन्यांनी प्रार्थनेला हात जोडले. जोडता जोडता थांबले.

"तबी, त्या दिवशी तू काहीतरी सांगत होतीस. आईचं. मटारांचं काय ते?"

तिने मिटलेले डोळे उघडले. ते तिच्याकडे बघत होते, भुवई पुन्हा तशीच हलली होती. आता सांगावं, तिला वाटलं. आत्ताच.

"कागदात होतं का ते?" त्यांनी विचारलं.

"नाही, पप्पा."

"मग राहू दे," ते म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटून आभार मानायला सुरुवात केली.